पंप: मेधा

२ नोव्हेंबर, रविवार

विहिरीवरचा पंप बंद करून प्रॅक्टिसच्या खोलीत आले तर एक अनोळखी मुलगा मांडी घालून बसलेला आणि रंगाच्या डब्यात नाक घालून हुंगतोय. वेदांत. मुंबईचा. दोघा मित्रांची छोटी रेकॉर्ड कंपनी आहे म्हणे. डब्यात आपल्या अल्बमच्या मूळ टेपा. आमच्या ड्रमवाल्या भरतने त्या वीस वर्षं माणगावला स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइनच्या शेजारी सांभाळल्या.

वेदांत : "तिथे का ठेवल्या?"
भरत : "वासाने उंदीर न्हाय येत."
पोराने परत एकदा हुंगून पाहिलं.

तर 'उद्या शिंपणं' परत निघणार. मोठ्या काळ्या तबकडीवर, नवं कव्हर घालून. २० डिसेंबरला अलिबागच्या हॉलमध्ये प्रकाशन आणि आमचा, म्हणजे 'रहाट'चा, कार्यक्रम. गाणाऱ्या नंदूला इतका आनंद की प्रॅक्टिसमध्ये दोन गाण्यांचे शब्द विसरला. स्वतः लिहिलेल्या गाण्यांचे! रेवदंड्याला जाऊन स्वतःच्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांना आज फुकट सोलकढी पाजली असणार, पैज लावते.

टेपा मुंबईला गेल्या. भरत गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभा, पोरगी सासरी गेल्यासारखा. जड झालं थोडं मलाही. का ते कळत नाही, माझं काय आहे त्यात?

५ नोव्हेंबर, बुधवार

बारावीची प्रॅक्टिकलं. एका मुलीने ब्युरेट फोडली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच फोडली.

संध्याकाळी तन्वीरच्या दवाखान्यात दाढ दाखवली. आमचा सहावा गिटारवाला. पहिला कॅनडात, मधले चार कुठे कुठे. हा टिकेल, चौलात घर बांधतोय. तोंडात आरसा घालून विचारतो, "मॅडम, अल्बम आला तेव्हा मी पहिलीत होतो. तुम्हाला कसं वाटतंय?" रसायनशास्त्र शिकवलंय याला, अजून मॅडम म्हणतो. तोंड मोकळं झाल्यावर सांगितलं की बाबा रे, अल्बममध्ये मी पण नाही.

त्याला खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं माझ्या शेजारी उभा राहून वाजवतोय.

बेस दादाने वाजवलाय. शेखर, माझा सख्खा भाऊ. अल्बम निघाला आणि त्याच महिन्यात त्याला बंगळूरची नोकरी लागली. बेस गिटार पलंगावर ठेवून गेला, म्हणाला, "वापर, नाहीतर गंजेल." मी वापरली. एवढीच गोष्ट.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रॅक्टिस चांगली. पण.

वेदांतला स्टेजवर 'मूळ संच' हवाय. तसं पोस्टरवर छापायचंय. कॅनडावाला येणं शक्य नाही म्हणून तन्वीर चालेल. पण मूळ बेसवाला इथेच देशात आहे म्हटल्यावर... नंदूने दादाचा नंबर देऊनही टाकलाय. मागच्याच रविवारी!

"अगं मेधा, त्याने विचारलं, मी दिला. त्यात काय?"
"आणि मला आज सांगतोयस."
"तेव्हा तू पंपावर होतीस."

म्हणजे अख्खा आठवडा मी पंपावर होते. छान.

भरत ड्रमच्या काठ्या पुसत बसला. जाताना म्हणाला, "बाय, तू टेन्शन नको घेऊ. शेखर काय परका हाय?" तेच तर. परका असता तर भांडले असते.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नवऱ्याने बरोबर पकडलं.
मोहन : "भांडण झालंय का कुणाशी?"
मी : "नाही."
मोहन : "मग चहात साखर का नाही?"

खरं लिहून ठेवते, इथे कोण वाचतंय. मला ती जागा हवी आहे. स्टेजच्या डाव्या अंगाला, भरतच्या मोठ्या ड्रमजवळ, जिथे त्याचा ठोका पोटरीत जाणवतो. दादावर राग नाही. दादाचंच आहे सगळं. बोटं त्याची आहेत रेकॉर्डवर, गिटार त्याची, मला मेधे म्हणून हाक मारतो तेव्हा मी अजून बारा वर्षांची होते. पण ही गाणी लग्नाच्या हॉलात, गणपतीत, कॉलेजात, भर पावसात माणगावच्या मांडवात वीस वर्षं कुणी वाजवली? तिथे एकदा आम्ही वाजवत असताना मांडवच कलला होता आणि लोक ताडपत्री धरून उभे राहून ऐकत होते.

बास. पेपर तपासायचेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादाचा फोन. आधी वाडीची चौकशी : सुपारी कशी आहे, ती उतरवायला पाडेली मिळाला का, विहिरीला पाणी किती. जावई असून सासऱ्यांची वाडी मोहन बघतो म्हणून त्याला नेहमीसारखं चिडवलं. मग हळूच,
"बेस ठीक आहे ना गं?"
"गंजली नाही."
"दत्ताच्या जत्रेला येतोच आहे. राहीन पंधरा-वीस दिवस, तिथूनच काम करेन. मेधे, तो पोरगा म्हणतोय की..."
"माहितीये."
"तू सांग काय करू."

मी म्हटलं, ये तर आधी. त्याला सांगता आलं असतं. पण विचारून मिळालेली जागा ती काय जागा.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्याच्या आवाजात खुशी होती. लपवत होता, पण होती. इतक्या वर्षांनी कुणी त्याला वाजव म्हणालं असेल. मग मलाही बरं वाटलं, चमत्कारिकपणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज हसून हसून पुरेवाट.

वेदांतने टेपा ऐकायला घेतल्यात. फोनवर एक तुकडा पाठवला, खाली लिहिलं, 'ही कोण आहे??' सगळे खोलीत होतो, स्पीकरला लावलं. आधी घूंss असा आवाज. मग तो थांबतो. मग लांबून, वाडीच्या पार टोकावरून, एक मुलगी बोंबलते : "बंssद केला!" आणि लगेच भरतच्या काठ्यांचे चार ठोके, आणि गाणं सुरू.

असं प्रत्येक गाण्याआधी. प्रत्येक! चुकलेल्या वाजवण्यांआधीसुद्धा. सीडी काढली तेव्हा सगळं कापून टाकलं होतं.

तन्वीरला काही कळेना, त्याला सांगावं लागलं. अल्बम याच खोलीत केला, सुपारी साठवायच्या. पंप चालू असला की व्होल्टेज पडायचा, टेपचं मशीन मंद व्हायचं आणि परत ऐकताना नंदूचा आवाज चिमणीसारखा बारीक यायचा. म्हणून आधी शिंपणं थांबवायचं, मग गाणं. पंप विहिरीपाशी, खोली इकडे. मी एमएस्सीची परीक्षा देऊन घरी बसलेली, तर पंपावर माझी नेमणूक. बाबा वैतागायचे, केळी सुकतील म्हणून. अल्बमचं नाव त्यांच्याच बोलण्यावरून पडलं, "आज राहू दे तुमचं, उद्या शिंपणं आहे!"

तन्वीर : "म्हणजे मॅडम, तुम्ही आहात अल्बमवर."
आहे बाई. पंपावर आहे.

भरत मात्र तो तुकडा परत परत लावत होता. म्हणाला, "हिच्या आवाजावरच मी उचलायचो. एक-दोन-तीन-चार नंतर, पहिला हिचा बंद केला." त्याने हे याआधी कधी सांगितलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कव्हरचा नमुना आला. फोटो सुंदर. चौघं विहिरीच्या काठावर, दादाचे केस खांद्यापर्यंत, नंदूला कंबर होती.
नावं : गायन, गिटार, ड्रम्स, बेस शेखर. सगळं बरोबर.
खाली बारीक अक्षरात : 'आभार – मेधा (पंप)'.

स्टाफरूममध्ये उघडलं होतं. बघितलं आणि फोन उलटा ठेवला. कंसात पंप! आधी इतका संताप आला की डबा खाल्ला नाही. तिसऱ्या तासाला वर्गात फळ्याकडे तोंड करून हसू फुटलं. मुलांना वाटलं मी रडतेय, वर्ग चिडीचूप.

घरी मोहनला दाखवलं. तो म्हणाला, "आभार कशाला? आभार बाहेरच्यांचे मानतात." साधा माणूस, पण कधीकधी नेमकं बोलतो.

वेदांतला फोन केला. सांगितलं, आभार नकोत. बाकीच्यांच्या ओळीत घाल किंवा काढून टाक. 'पंप : मेधा'. बेसच्या खाली. पोरगा म्हणाला, "ताई, हे मलाच सुचायला हवं होतं." हुशार आहे. कार्यक्रमाबद्दल त्याने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

नंदूने कौलाचा विषय काढला.

देवळात देवाला फुलं लावून कौल घेतात, तसा आमचा बँडचा कौल. भरतच्या मोठ्या ड्रमच्या पांढऱ्या चामड्यावर जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि गाणं वाजवायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बँडचं नाव यावरच ठरलं. गिटारवालेही. तन्वीरच्या वेळी उजवी पहिल्याच कडव्यात पडली, तो बिचारा घाबरून बघतच राहिला. (नंतर म्हणाला, "मॅडम, घरी काय सांगू, पाकळीने घेतलं?" सांग, म्हटलं. सांगितलंन. त्याची अम्मी अजून हसते.)

मी म्हटलं, दादा नसताना त्याचा कौल लावायचा नाही. भरत लगेच, "बरोबर हाय." नंदू पाकळ्या खिशात घालून घेऊन गेला, खानावळीत काय केलंन कुणास ठाऊक.

एक शंका मला पूर्वीपासून आहे. ड्रमच्या पेडलवर पाय भरतचा असतो. कसा मारला की कुठची पाकळी सुटते हे त्याला वीस वर्षांत कळलं नसेल? विचारलं नाही कधी. देवळातल्या गुरवाला तरी कोण विचारतं.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रॅक्टिस नाही. भरतच्या दुकानात माल आला. सुपारी वाळत घातली, पाठ गेली. एकटीच खोलीत जाऊन 'खाडी' गाण्याचं मधलं वाजवलं तासभर. ते मधलं रेकॉर्डवर नाही. मी नंतर बसवलंय, हळूहळू, दर कार्यक्रमात थोडं. नंदू आता त्यावरच गातो.

दादाने ते कधी ऐकलेलंच नाही. तो आला की कार्यक्रम नसतो, कार्यक्रम असला की तो नसतो.

३ डिसेंबर, बुधवार

दादा आला. केस पांढरे आणि बारीक कापलेले. वहिनी आणि मुलं सुट्टी लागल्यावर येतील. येताना पालीला गणपतीला जाऊन आला, पेढे, माझ्यासाठी तारांचा नवा संच. "तुला लागतील." 'तुला' म्हणाला. मी दहा वेळा मनात फिरवून पाहिलं ते.

खोलीत गेला, बेसकडे बघितलं, हात लावला नाही. पट्टा बघून म्हणाला, "किती आखूड केलायस!" म्हटलं, तू ताडमाड आहेस, मी नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. सगळे मिळून चौलच्या डोंगरावर. पायऱ्यांवर दादाला धाप, मोहन पुढे. खाली जत्रेत दादाने लहानपणच्यासारखं मला काय हवं विचारलं. मी बत्तासे म्हटलं, त्याने घेतले. पाळण्यात बसायचं ठरलं होतं, रांग बघून परतलो.

छान दिवस. बेसबद्दल कुणीच बोललं नाही आणि सगळे तेच बोलत होतो.

६ डिसेंबर, शनिवार

दुपारी कॉलेजातून आले तर खोलीतून बेसचा आवाज. बाहेर उभी राहिले. लपून ऐकणं म्हणतात याला, म्हणोत.

'उद्या शिंपणं' वाजवत होता. बोटं अडखळली सुरुवातीला, मग लागली. मनात होतं की वाईट वाजवेल. वाईट नव्हतं. मी जिथे चार सूर घालते तिथे तो एकच लावतो आणि थांबतो. थांबलेलं छान वाटत होतं. विसरलेच होते की हे असं होतं. डोळे भरून आले, कशासाठी ते वेगळं काढता येत नाही.

आत गेले. तो दचकला, चोरी पकडल्यासारखा गिटार काढायला लागला.
"राहू दे रे."
"पट्टा सैल केला गं जरा. परत आखूड करून ठेवीन."

मग त्याने 'खाडी' सुरू केलं आणि मधे नुसताच ठोका धरून राहिला, रेकॉर्डवर आहे तसा. मी म्हटलं, इथे आता वेगळं आहे. वाजवून दाखवलं. त्याने पूर्ण ऐकलं. परत वाजव म्हणाला. परत वाजवलं.

"हे तू बसवलंस?"
"हो."
"आणि मला कुणी सांगितलं नाही."
"तू विचारायचास, सुपारी कशी आहे."

खूप वेळ हसला. मग एकदम, "मेधे, मला वाजवायचंय गं स्टेजवर. एकदा. पण तुझं काढून नाही." मी म्हटलं, मलाही वाजवायचंय. दोघांनी एकमेकांना इतकं सरळ बऱ्याच वर्षांत काही सांगितलं नव्हतं. दोघांचं एकदम बसतंय का बघितलं, तो बेसवर, मी तन्वीरच्या गिटारच्या खालच्या तारांवर; नुसती गिचमिड झाली. सोडून दिलं.

७ डिसेंबर, रविवार

कौल लावला. दादा म्हणाला, माझ्यासमोर लावा.

जास्वंद मी तोडली, भरतने ड्रमवर पाणी शिंपडून पाकळ्या लावल्या. नंदूने विचारलं, एरवी खानावळीत ओरडतो त्याच आवाजात : "वीस तारखेला बेसवर मेधाच राहू दे का? उजवी हो, डावी नाही!" तन्वीरने डोळे मिटले, मग एक उघडला.

पहिलं गाणं दादाने वाजवलं. पाकळ्या हलल्या, पडल्या नाहीत. दुसरं मी. नाही पडल्या. तिसरं दादा, चौथं मी. मधे नंदू म्हणाला, पाणी जास्त लागलंय का? भरत म्हणाला, "पाण्याचं काय न्हाय. बोलत न्हाय अजून. वाजवा."

वाजवलं. पट्टा सैल, पट्टा आखूड, दर गाण्याला. दादाची शांत गाणी, माझी धावती, आपोआप तशीच वाटली गेली, कुणी ठरवलं नव्हतं; वीस तारखेची यादी झालीच की ही. नंदूने आज एक शब्द चुकवला नाही. आणि मी डाव्या अंगाला उभी असताना लक्षात आलं, पोटरीत ठोका येत नाहीये. भरतचा पाय इतका हलका मी कधी ऐकलेला नाही. त्याच्याकडे बघितलं तर तो छताकडे बघत होता.

शेवटचं 'खाडी' उरलं. माझी पाळी. मी बेस गळ्यात घातली तर अँपमध्ये घूंss. मोहनने केळीचं पाणी सुरू केलेलं, आम्ही एवढा वेळ घेऊ असं त्या बिचाऱ्याला काय माहीत. मी सवयीने पट्टा काढायला लागले, दर रविवारी मीच जाते.

"तू थांब," दादा म्हणाला आणि चप्पल न घालताच बाहेर गेला.

आम्ही चौघं तसेच उभे. नंदू माईकसमोर, तन्वीर तारेवर बोट ठेवून. भरतने काठ्या वर धरल्या होत्या, मारत नव्हता. त्याच्याकडे बघून कळलं की तो कशासाठी थांबलाय. घूं थांबलं. जरा वेळ नुसते वाडीतले आवाज. आणि मग पार टोकावरून, विहिरीजवळून, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस फाटक्या आवाजात बोंबलला :

"बंssद केला!"

भरतने उचललं, मी पहिला सूर लावला. या वेळी ठोका सरळ पोटरीत आला. पाकळ्यांचं काय झालं ते बघायचं राहिलं.